राजाला झोप लागल्यावर

आमच्या गावच्या हायस्कुलातल्या नववीच्या पोट्ट्यांना परीकथा लिहायला मी शिकवलं, असं लोक बोलतात. मेडशीच्या बस स्टॉपवर एकानं मला थांबवून विचारलं, ते कहाणीवाले तुमीच का? मी हो म्हणालो. तेव्हा हो म्हणालो, म्हणून आता हे लिहायला बसलो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. एक पान लिहायला मला सकाळ जाते. जाऊ दे, सकाळी मला दुसरं काम नाही.

बायको जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन घरात आलं होतं, तूर शेतात उभी होती. एका दुपारी मराठीच्या मॅडम दारात आल्या. अमरावतीकडच्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांना नववीच्या वर्गाकडून परीकथा लिहून घ्यायच्या होत्या. पुस्तकातून उतरवलेल्या नाही, ज्याच्या त्यानं मनानं रचलेल्या. पण पोट्टे मोबाइलवर पाहिलेलं लिहून आणत होते. सगळ्यांची परी एकच, गोरीपान, पांढऱ्या झग्यातली, हातात काडी. मॅडम म्हणाल्या, यांना आपल्या मातीतली कहाणी एकदा कानानं ऐकवली पाहिजे. गावात कहाण्या सांगणारं कोण आहे, असं त्यांनी बायांना विचारलं तर बायांनी माझं घर दाखवलं.

घर बरोबर दाखवलं होतं. त्या घरातलं कहाण्या सांगणारं माणूस मात्र मेलं होतं.

मॅडमनी विचारलं, "बाबा, तुम्हाला येतात का हो कहाण्या?"

मी सरळ सांगायला पाहिजे होतं की त्या माझ्या बायकोच्या होत्या. पण सात-आठ महिन्यांत माझ्या दारात येऊन कोणी मला काही मागितलं नव्हतं. मुलगी फोन करायची ती जेवलो का ते विचारायला. मनात म्हटलं, तिचं अन् माझं काय वेगळं? घर एक, कहाण्या घरातल्या. मी म्हणालो, "येतात तं. चाळीस वर्षं झाले."

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कहाणीला हूं लागतो. सांगणारीनं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हूं आला की पुढचं वाक्य. हूं थांबला की कहाणी थांबली. ऐकणारे दहा असले तरी हूं देणारा एक ठरलेला असतो. आमच्या शेतात तो मी होतो. निंदायला बाया आल्या की दुपारी बांधावरच्या निंबाखाली सगळ्या भाकर खायला बसत, आणि बायको कहाणी सुरू करे. बायांच्या तोंडात घास, म्हणून हूं माझ्याकडं. मी तोंडावर दुपट्टा घेऊन आडवा झालेला असे. दुपट्ट्याखालून हूं द्यायचो. पंधरा-वीस हूं दिले की मला झोप लागे. उठलो की बाया निंदायच्या आपापल्या पातीला लागलेल्या दिसत. घरी जेवणं झाल्यावरही तेच, फक्त निंबाच्या ऐवजी खाट. माझा हूं थांबला तिथं कहाणी संपली, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो. रीतच तशी होती. मला त्यात शंका यायचं कारण नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. मॅडमनी खुर्ची दिली. पस्तीस-चाळीस पोट्टे, अर्ध्यांच्या मिशा फुटलेल्या. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, आबाजी, परी पाहिली का तुमी कधी? मी म्हणालो, परी नाही पाहिली, पण तुझ्या बापाला नागडा पळताना पाहिलं आहे. वर्ग हसला आणि माझी भीड गेली.

मग मी त्यांना कहाणी कशी बांधायची ते सांगितलं. आधी घरात काय कमी आहे ते सांगा. कमी नसेल तर माणूस घराबाहेर कायले पडेल? मग त्याला घराबाहेर काढा. वाटेत कोणी भेटवा. जो भेटेल तो आधी काहीतरी मागेल, फुकट कोणी काही देत नाही. तीनदा भेटवा, चौथ्यांदा ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. मॅडम फळ्यावर भराभर लिहून घेत होत्या. हे सगळं मी बायकोच्या कहाण्यांतून उचललेलं. तिनं असं कधी तोडून सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं कानावर पडलं की वळण लक्षात येतं.

एका पोरीनं विचारलं, अडलेल्या माणसाला देव काहून नाही भेटत, आमच्या आजीच्या कहाणीत तर शंकर-पार्वती विमानातून जातात. मी सांगितलं, आमच्या घरातले देव माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच नदीत सोडले. म्हणून आमच्या कहाणीत मुंगी भेटते, झाड भेटतं, म्हातारी भेटते. त्यांच्यानंही काम तितकंच होतं. मॅडमना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, बाबा, तुम्ही केवढा विचार केला आहे. विचार बायकोनं केला होता. मी मान हलवली.

त्या दिवशी मी राजाच्या झोपेची कहाणी सांगितली. एका राजाला झोप येत नव्हती. वैद्य थकले. राणी म्हणाली, मी आणते. ती झोप शोधायला निघाली. वाटेत मुंगी भेटली, तिनं राणीचं हसू मागितलं. राणीनं दिलं. झाड भेटलं, त्यानं केसांचा काळा रंग मागितला. तोही दिला. शेवटी झोपेच्या गावाची म्हातारी भेटली. ती म्हणाली, झोप देते, पण बदल्यात झोपच पाहिजे, तुझी दे. राणीनं आपली झोप दिली, राजाची ओटीत बांधून घरी आणली. राजाला झोप लागली.

मी ऐकलेलं इथपर्यंतच होतं. आणि ते शेवटासारखंच होतं. राजाचं काम झालं, अजून काय पाहिजे?

पण नववीचे पोट्टे झोपत नाहीत. तीन-चार जणी एकदम विचारू लागल्या, मग राणीचं हसू? तिचे केस? मी खुर्चीवर बसल्या बसल्या रचलं. म्हटलं, राजा ताजातवाना उठला, राणीचा त्याग पाहून त्याला भरून आलं, तो तिघांकडं गेला, सगळं परत आणलं आणि दोघांनी सुखानं राज्य केलं. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वर आणखी एक नियम ठोकून दिला, की कहाणी गोड झाली पाहिजे. कडू झाली ती कहाणी नाही. मॅडमनी फळ्यावर तेही लिहिलं.

त्यानंतर चार-पाच शनिवार मी गेलो. पोट्टे लिहून आणत, वाचून दाखवत, मी चुका काढी. बाप नागडा पळालेला तो पोट्टा भलताच हुशार निघाला. त्याची परी एस.टी.नं येते, कंडक्टर तिला पंखांचं अर्धं तिकीट लावतो, आणि ती भांडते. दुसऱ्या एकानं रानडुकरांचा राजा लिहिला. मॅडम या सगळ्याचं हस्तलिखित करणार होत्या. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते टेबलावर ठेवायचं होतं. पहिल्या पानावर त्यांनी माझं नाव लिहिलं होतं, खाली लिहिलं होतं, यांच्या पारंपरिक कथांवरून. मी ते बोटानं दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता वर्गातल्या आणखी एका पोरीचं सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं.

तिसऱ्या बाकावर बसायची, कमी बोलायची. तिचे आईबाप दिवाळी झाली की कारखान्याकडं ऊस तोडायला जातात ते होळीला येतात. ती इथं आजीजवळ राहते. आमच्या गावात अशी पुष्कळ घरं आहेत, तेवढे महिने दाराला कुलूप. तिची कहाणी कुलपांची होती. गाव रिकामं झालं की दारादारांची कुलपं एकमेकांशी बोलतात. कोणाच्या घरात उंदीर झाले, कोणाची भिंत ओली झाली, सगळं एकमेकांना सांगतात. होळीला माणसं परत येतात, एकेक कुलूप उघडतं. एकच उघडत नाही. बाई किल्ली लावते, फिरवते. कुलूप म्हणतं, ज्या हातानं मला लावलं तो मऊ होता, हा हात तिचा नाही. मग ती बाई आपल्याच दारासमोर पायरीवर बसून राहते. कहाणी संपली.

वर्ग गप्प झाला होता. त्या गप्प होण्याचा मला राग आला. आजही नीट सांगता येत नाही की काहून. मी म्हणालो, "रडगाणं घरी गाय. कहाणी माणसाले सुख वाटावं म्हणून असते. कुलूप उघडलं पाहिजे."

ती हळूच म्हणाली, "नाई उघडत, आबाजी."

"काहून नाई उघडत? तूच लिहून राह्यली ना? उघड."

पोट्टे हसले. मॅडम मध्ये काही बोलणार होत्या, पण मी वयानं मोठा, त्यांनीच बोलावलेला, त्या थांबल्या. मी तिला तिथंच बसवून शेवट सांगितला आणि तिनं तो लिहून घेतला. कुलूप हाताचे घट्टे पाहून विरघळतं, दार उघडतं, आत उजेडच उजेड. आधीच्या चार ओळींवर तिनं पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या. रेघा इतक्या नीट मारल्या की मला वाटलं, पोरीला पटलं.

स्नेहसंमेलन शुक्रवारी होतं. त्याच्या आधीच्या रविवारी मुलगी सासरहून, किन्हीराजाहून आली. ती येते तेव्हा घर आवरते, डबे पुसते, मला बोलते. ती भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी बसून शाळेतला मोठेपणा सांगत होतो. नाव पहिल्या पानावर आहे, हे दोनदा सांगितलं. मग राजाच्या झोपेची कहाणी मी वर्गात सांगितली तशी तिला सांगितली. राजा उठून मुंगीकडं गेला तिथं तिचा हात पिठात थांबला.

"हे कुठून आणलं, बावा? असं नाई हाये ते."

मी म्हणालो, तुले काय मालूम, चाळीस वर्षं मी ऐकली.

"राजा झोपेपर्यंत ऐकली तुमी," ती म्हणाली. "तुमचा हूं थांबला की माय आमच्याकडं तोंड करे. मंग पुढचा हूं माहा राहे."

मी म्हणालो, मग सांग पुढचं. तिनं भाकर तव्यावर टाकली आणि सांगितलं. राजाला झोप लागली ती वर्षानुवर्षं लागली. राणीची झोप तर गेलेली. ती त्याच्या उशाशी बसून वारा घालत राहिली. केस पांढरे, तोंडावर हसू नाही. एक दिवस राजा उठला, आळस दिला, आणि समोर पाहून विचारलं, ही म्हातारी कोण बसवली इथं, माझ्या राणीला बोलवा. राणी उठली, पंखा खाली ठेवला, आणि बोलवायला म्हणून जी बाहेर गेली ती गेली.

मुलगी म्हणाली, निंबाखालच्या बायांना हा शेवट पाठ होता. मी उठलो की त्या माझ्याकडं पाहून पदरात हसत, ते याच्यावरून. मला वाटायचं माझ्या घोरण्याला हसतात.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्या एकदा मायले विचारलं होतं, राणीनं त्याले हालवून उठवलं काहून नाई. तं म्हणे, थकून येते तो. झोपू दे."

ती भाकर मला गेली नाही. ताट सरकवलं तर मुलगी म्हणाली, मी तुम्हाला टोचायला नाही सांगितलं, तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. ते खरं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

बायकोला शेवटची दोन वर्षं झोप येत नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही. ती सकाळी म्हणायची, अवो, डोळ्याले डोळा नाई लागला. मी म्हणायचो, काम जास्त कर, येते झोप. वाशिमला डॉक्टरकडं नेलं ते छातीत कळ आल्यावर. डॉक्टरनं विचारलं, यांना झोप कशी आहे? मी म्हणालो, चांगली आहे. ती माझ्याकडं पाहत होती. आठव्या दिवशी गेली. झोप न लागल्यानं माणूस मरतं का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, कोणी हो म्हटलं तर काय करू म्हणून.

बायकोचं आता काही करता येत नव्हतं. पण त्या पोरीच्या चार ओळी होत्या. संमेलनाला पाच दिवस होते. सोमवारी सकाळी मुलीला एस.टी.त बसवलं आणि तसाच शाळेत गेलो. प्रार्थना चालली होती. मॅडमना म्हटलं, आज शनिवार नाही, पण मला वर्गात दहा मिनिटं द्या.

खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानं सांगितलं की कहाण्या माझ्या नाहीत, माझ्या बायकोच्या आहेत. मी अर्ध्यातून झोपलो म्हणून मला शेवट माहीत नव्हता. राजाचा गोड शेवट मी इथं बसून रचला. कहाणी गोडच झाली पाहिजे, हा नियमही माझाच, तिचा नव्हता. मग मी खरा शेवट सांगितला.

एस.टी.च्या परीवाल्या पोट्ट्यानं विचारलं, "म्हंजे आबाजी, माह्या परीले कंडक्टरनं मधातच उतरून देल्लं तरी चालते?" पोट्टे हसले. मी म्हणालो, चालतं. तो लगेच वहीत काही खोडू लागला.

मॅडमनी हस्तलिखित काढलं. चिडल्या नाहीत, पण चेहरा पडला होता. पहिल्या पानावरच्या माझ्या नावावर त्यांनी पांढरा कागद चिकटवला आणि पेन उघडून विचारलं, "आजींचं नाव काय, बाबा?"

आमच्या वेळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. ती मला अवो म्हणे, मी तिला अवं. रेशन कार्डावर तिचं नाव मी हजारदा पाहिलं असेल, तोंडानं घेतलं नव्हतं. चाळीस पोट्ट्यांसमोर घेतलं. मॅडमना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा घ्यावं लागलं.

मग मी तिसऱ्या बाकापाशी गेलो. पोरगी खाली पाहत होती. मी म्हणालो, "तुहं कुलूप बरोबर होतं. म्याच चुकलो. मॅडम पान बदलून देतात. तुह्या मनातला शेवट लिह्य."

तिनं मान वर केली. वर्गाकडं एकदा पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या, आबाजी."

मी म्हणालो, भिऊ नको, कोणी हसणार नाही.

"भीत नाई मी," ती म्हणाली. "होळीले माय येईन. तिले वाचून दाखवायचं हाये मले. तिले उघडलेलंच कुलूप वाचून दाखवीन."

"अन् तुहा शेवट?"

"तो मले मालूम हाये ना."

मी तिथंच उभा राहिलो. मी माफी मागायला आलो होतो, खरं म्हणजे ती घेऊन घरी जायला आलो होतो. पण पोरीजवळ द्यायला माफी नव्हती. तिनं मला वाईट वाटावं म्हणूनही काही म्हटलं नाही. तिला आईची काळजी होती, माझी कशाला असेल? मॅडमनी पान तसंच ठेवलं आणि इतिहासाच्या सरांचा तास सुरू झाला.

शुक्रवारी संमेलनाला मी गेलो. मंडपात टेबलावर हस्तलिखित होतं, लोक चाळत होते. मी रांग लावून तिचं पान काढलं आणि वाचलं. सगळी कहाणी तिची, शेवटच्या चार ओळी माझ्या, खाली तिचं नाव. शेजारच्या एका बाईनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, शेवट किती छान केला पोरीनं. मी पान उलटवलं आणि पुढच्या माणसाला जागा दिली.